शेरेबुक ते ‘लेफ्ट’

२०२४ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी आंदोलनाची एक वेगळीच तऱ्हा वापरली. फोन उघडायचा आणि केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, या योजनेचा, त्या ॲपचा, असा एकेक ग्रुप सोडत जायचे. पडद्यावर ओळी उमटत राहिल्या : अमुक सर लेफ्ट, तमुक मॅडम लेफ्ट. निमित्त होते ५ सप्टेंबरच्या, म्हणजे ऐन शिक्षकदिनाच्या शासन निर्णयाचे. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असेल, असे त्यात म्हटले होते. २५ तारखेला सामूहिक रजा आणि जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर मोर्चेही झाले. पण मोर्चा ही जुनी, ओळखीची गोष्ट. ग्रुप सोडला की सरकारी काम अडते, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर ऐकणारा हसला असता.

यातली गंमत अशी, की ज्या फोनमधून ही माणसे बाहेर पडत होती, त्याच फोनमधल्या दुसऱ्या काही ग्रुपांतून कुणीच हलले नव्हते. उलट कुठल्या तालुक्यातून किती जण बाहेर पडले, याची मोजदाद तिथेच चालली होती. शिक्षकाच्या फोनमध्ये ग्रुप दोन तऱ्हेचे असतात. एक साहेबांचा, एक आपला. साहेबांच्या ग्रुपात ‘ओके सर’ लिहायचे आणि ते ओके का नाही, ते आपल्या ग्रुपात लिहायचे. मला मागोवा घ्यायचा आहे तो या दुसऱ्या ग्रुपाचा. शाळेविषयी आणि सरकारी धोरणाविषयी शिक्षकांनी आपसांत, चारचौघांत बोलायची जागा मोबाइलबरोबर आलेली नाही. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे, आणि साहेबाची सावली तिच्यावर पहिल्या दिवसापासून आहे.

मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी विद्याखाते उभे राहिले. खाते आले म्हणजे हुकूम आले, तपासणी आली, घोड्यावरून किंवा बैलगाडीतून येणारे डेप्युटी आले. पंतोजींचा धाक पोरांना, आणि डेप्युटींचा धाक पंतोजींना. डेप्युटी शाळा तपासत, मुलांकडून वाचून घेत, गणिते घालत आणि जाताना एका वहीत शेरा लिहीत. ही वही म्हणजे शेरेबुक. शिक्षकाने त्या शेऱ्याची ‘पूर्तता’ लिहायची. शिक्षकाच्या अधिकृत लिखाणाची तेव्हा बसलेली घडी अजून मोडलेली नाही. वरून विचारले जाईल तेवढ्याचेच उत्तर द्यायचे आणि न विचारलेले लिहायचे नाही. हजेरीपत्रकात मूल गैरहजर का, याला रकाना नव्हता. असला तरी तो एका शब्दाचा होता.

खात्याने शिक्षकांसाठी एक मासिकही चालवले, ‘मराठी शालापत्रक’. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक. १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्यात लिहू लागले आणि मासिकाचा सूर बदलला. शिक्षकांना अध्यापनाच्या चार युक्त्या सांगाव्यात, सरकारी पुस्तकांची माहिती द्यावी, असा खात्याचा हेतू. पण शिकलेल्या माणसाच्या हाती छापखाना दिला की तो तेवढ्यावर थांबत नाही. खात्याला न रुचणारा मजकूर येऊ लागला आणि १८७५ मध्ये शालापत्रक बंद झाले. आजच्या शिक्षकाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. ग्रुप सरकारी होता, लिहिणारा आपल्यातला निघाला, म्हणून ग्रुपच काढून टाकला.

विष्णुशास्त्री मात्र तोवर पुढे गेले होते. सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळतच त्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली होती. तिचे ८४ अंक निघाले. मधल्या काळात त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. बदली हा शब्द इथे पहिल्यांदा येतो आहे. तो पुढे पुन्हा येणार आहे, कारण मराठी शिक्षकाच्या इतिहासात त्याच्याइतका वजनदार दुसरा शब्द नाही. १८७९ मध्ये शास्त्रीबुवांनी नोकरीच सोडली. १८८० च्या जानेवारीत टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि पुरते वर्ष होते न होते तोच १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, तेही त्याच शाळेचे. आपल्याकडच्या राजकीय पत्रकारितेचा एक मोठा प्रवाह असा शिक्षकांच्या खोलीतून निघाला. गोपाळ कृष्ण गोखलेही याच संस्थेत शिकवत होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक घेऊन १९११ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले तेव्हा, विधेयक पुढे फेटाळले गेले तरी, वर्गात उभा राहिलेला माणूस धोरणावर बोलत होता.

पण हा प्रवाह म्हणजे सगळी नदी नव्हे. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत दुसरा एक माणूस शाळांवर बोलत होता, आणि त्याचे बोलणे चिपळूणकरांना मुळीच मानवत नव्हते. १८४८ पासून मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ नावाचा पोवाडा लिहिला. शिक्षण खात्याच्या कारभारावर पोवाडा! आज कुणी सर सरकारी योजनेवर चाल लावून गाणे म्हणतात आणि त्याची चित्रफीत फिरते, तिचे मूळ शोधायचे तर इथे शोधावे. पोरांना शिकवणारा माणूस कोणत्या जातीचा आहे, तो कोणाच्या मुलांकडे लक्ष देतो आणि कोणाच्या मुलांना मागे बसवतो, हा प्रश्न फुल्यांनी त्यात उघड विचारला. ‘निबंधमाले’ने फुल्यांच्या लेखनाची यथेच्छ टर उडवली. शिक्षणावरच्या मराठी चर्चेत पहिल्यापासून असलेली ही चीर नंतरही बुजलेली नाही. आरक्षण, इंग्रजी शाळा किंवा शिष्यवृत्ती असा विषय निघाला की शिक्षकांच्या ग्रुपात तासाभरात ती पुन्हा दिसू लागते.

१८८२ मध्ये हंटर आयोग पुण्यात आला. पंडिता रमाबाईंनी त्याच्यासमोर मुलींसाठी शिक्षिका तयार करण्याची गरज मांडली. फुल्यांनी आपले निवेदन १९ ऑक्टोबरला दिले. ते वाचताना, शाळा चालवलेला माणूस कसा बोलतो ते कळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायची त्यांना लाज वाटू नये. पगार कुठेही बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. आणि पुढची सूचना अशी की आजचा शिक्षक ती वाचून दचकेल : गावाचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे, स्टॅम्प विकणे अशी कामे शिक्षकाला द्यावीत, म्हणजे गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल.

म्हणजे ज्याला आपण आज ‘अशैक्षणिक कामे’ म्हणतो, त्यांची मागणी खुद्द जोतीरावांनी केली होती? अक्षरशः पाहिले तर होय. पण त्या सूचनेचे कारण पगार आणि मान हे होते. गावाच्या कारभारात शिक्षकाचा हात असावा, असे त्यांना हवे होते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामे बाकी ठेवून शिक्षकाला इतर कामांतून मोकळे केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने कोणते काम शैक्षणिक आणि कोणते नाही, याची यादीही काढली. तरी लिंक, फॉर्म आणि सर्वेक्षण यांचा ओघ आटलेला नाही, आणि त्यातल्या एकाही कामाने शिक्षकाची गावातली पत वाढलेली नाही. फुल्यांचा दाखला देऊन शिक्षकाच्या माथी कामे मारता येणार नाहीत, एवढे नक्की.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षकाचे बोलणे मोठ्या नावांच्या मासिकांतून थोडे खाली उतरले आणि अधिक कामाचे झाले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवणाऱ्या साने गुरुजींनी वसतिगृहात ‘छात्रालय दैनिक’ चालवले. ते हस्तलिखित होते. स्वतःच्या हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे छापील मासिकही काढले. पण मला त्या हाताने लिहिलेल्या दैनिकाचे अप्रूप अधिक. त्याला ना परवानगी लागली, ना वर्गणी, आणि शेरेबुकाशी त्याचा काही संबंध नव्हता.

ताराबाई मोडक यांची ‘शिक्षणपत्रिका’ ही याच वंशातली. गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातीत सुरू झालेले काम त्यांनी मराठीत आणले. बालवाडीत काय घडले, कोणते साधन चालले, कोणते फसले, हे शिक्षिकांनी शिक्षिकांसाठी लिहायचे. नंतर अनुताई वाघ यांनी ती धुरा वाहिली. बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांमध्ये जे प्रयोग केले, त्यांतून अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना आल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणावर जावे, इतकी ती साधी गोष्ट. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर झाली. शिक्षकांनी आपसांत केलेली चर्चा थेट राष्ट्रीय धोरणात उतरल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. लक्षात घ्यावे, की त्या टेकडीवर कुणी लिंक पाठवत नव्हते.

इकडे सरकारी प्राथमिक शिक्षकाचे काय चालले होते? १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर शिक्षक त्यांचे नोकर झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्यामुळे साहेब दोन झाले. पहिला खात्याचा, दुसरा गावचा पुढारी. नको ते बोलला तर शिक्षकाची टोकाच्या तालुक्यात रवानगी करायला दोघांपैकी कुणीही पुरेसा होता. १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत, पण नियमापेक्षा बदलीचा धाक मोठा. म्हणून शिक्षकांनी बोलण्याचे काम संघटनांवर सोपवले. प्राथमिक शिक्षक संघ, शिक्षक समिती, नंतर आणखी कितीतरी. अधिवेशने भरत, ठराव होत, मंत्री येऊन आश्वासने देत.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या आहेत. शाळांचे प्रश्न सभागृहात मांडायला याहून हक्काची जागा कोणती? पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार या मतदारसंघांत मत आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांत शिकवणाऱ्यांना. पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवणाऱ्या शिक्षकाला ‘शिक्षक आमदार’ निवडता येत नाही. एवढा मोठा वर्ग सभागृहाच्या दाराबाहेर ठेवला, तर तो दाराबाहेरच बोलणार. पुढे त्याच्या हाती फोन आल्यावर आवाज एवढा मोठा का झाला, याचे अर्धे उत्तर या कलमात आहे.

संघटनेच्या नेत्याची ताकद तेव्हा कशात होती, हेही सांगायला हवे. भाषणात ती होतीच, पण त्याहून अधिक होती ती त्याच्या पिशवीत. मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय, म्हणजे जीआर, शाळेत पोचायला दिवस लागत. पंचायत समितीच्या टपालात तो अडकून राही. वेतनश्रेणीचा, रजेचा, बदलीचा जीआर ज्याच्याकडे झेरॉक्स स्वरूपात असे, तो तालुक्याचा नेता. ‘जीआर दाखवा’ म्हणणाऱ्या क्लार्कपुढे कागद आपटू शकणारा माणूस.

१९९४ मध्ये राज्याने केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आणली. दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र, आणि त्या केंद्रातल्या शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसायचे. गटसंमेलन म्हणा, नंतर नाव बदलून शिक्षण परिषद म्हणा. कागदावर हा आदानप्रदानाचा उत्तम कार्यक्रम होता. प्रत्यक्षात सूचनांचे वाचन बराच वेळ चाले आणि आदर्श पाठ उरलेल्या वेळात उरके. पण चहाच्या वेळी व्हरांड्यात जी चर्चा होई ती खरी. या केंद्राचा पुढच्या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे : पन्नास-साठ शिक्षकांचा, एकमेकांना नावानिशी ओळखणारा, एका साहेबाखालचा हा जथा होता. व्हॉट्सॲप आले तेव्हा त्याला ग्रुप बनवावा लागला नाही. तो आधीच होता.

त्याआधी काही वर्षे ब्लॉगची गेली. २०१० च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. शिक्षक चक्रावले. मग संगणकाची थोडी गोडी असलेल्या काही तरुण गुरुजींनी ब्लॉग काढले आणि त्यांवर नोंदींचे तयार नमुने, निकालपत्रकाच्या एक्सेल शीट, जीआरच्या पीडीएफ टाकल्या. राज्यभर धडाधड उतरवून घेतल्या गेल्या. ‘कवितेचे तालासुरात गायन करतो’ ही नोंद त्या काळात किती मुलांच्या नावावर पडली असेल, देव जाणे! प्रत्येक मूल वेगळे आहे असे सांगणारे धोरण आणि सगळ्यांना सारखीच नोंद देणारा ब्लॉग, अशी ती जोडी. तरी या ब्लॉगांनी एक मोठे काम केले. जीआर नेत्याच्या पिशवीतून बाहेर आला आणि सगळ्यांचा झाला.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपाची मर्यादा २०१६ च्या फेब्रुवारीत १०० वरून २५६ माणसांवर गेली. त्याच सप्टेंबरात जिओ आले आणि वाडीवस्तीवरचा शिक्षकही दिवसभर जोडलेला राहू लागला. योगायोग असा, की याच सुमारास मंत्रालयात शिक्षणाची घाई सुरू झाली होती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. शिक्षण सचिव नंदकुमार थेट शिक्षकांशी बोलत, त्यांच्या शाळांना भेटी देत. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट ज्ञानरचनावादासाठी गाजले आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. फरशीवर काढलेल्या आकृत्या, खडे, काड्या, मण्यांच्या माळा. तिथले फोटो ग्रुपांतून फिरले आणि महिन्या-दोन महिन्यांत दूरदूरच्या शाळांच्या फरश्या तशाच रंगल्या. कल्पना पोचली, पण ती कल्पना कशासाठी होती, ते फोटोत येत नाही. रंगवलेली फरशी आणि शिकलेले मूल यांत किती अंतर असते, हे कुमठ्याच्या शिक्षकांना ठाऊक होते. फोटो पाहून रंगाचा डबा आणणाऱ्याला ते कळायला वेळ लागला.

त्याच वर्षांत भाऊसाहेब चासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’ हा गट बांधला. ग्रुपावर भेटलेले शिक्षक संमेलनात प्रत्यक्ष भेटू लागले, धोरणांवर वर्तमानपत्रांत लिहू लागले. संघटनेचा शिक्का नसलेला शिक्षक शाळेच्या प्रश्नावर नाव लावून लिहितो आहे, हे बऱ्याच काळानंतर घडत होते.

साहेबांच्या ग्रुपाचे मात्र शेरेबुकच झाले, आणि पूर्वीचे शेरेबुक वर्षातून एक-दोनदा उघडले जाई, हे रात्री नऊलाही उघडे. ‘अतितात्काळ’, ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’, ‘खालील शाळांनी अद्याप लिंक भरलेली नाही’, आणि मग शाळांची यादी लाल रंगात. सगळ्या तालुक्यासमोर. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर शासनाने ठरवले, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या सरकारी संगणक प्रणालीवर चढवायचा, शाळाबाह्य मुले त्यातून कळतील. आपल्या ग्रुपांनी या आदेशाचा एवढा फडशा पाडला, की जानेवारीत तो अमलात येण्याऐवजी मागे पडला. धोरण शिक्षकांच्या चेष्टेने हरल्याचा हा बहुधा पहिला प्रसंग.

आणि मग बदली. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. पुढाऱ्याची चिठ्ठी संपली, हे फार मोठे काम झाले, आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल. पण संवर्ग एक, संवर्ग दोन, बदलीपात्र, बदली अधिकारप्राप्त अशी नवी वर्णव्यवस्था आली. हक्क असलेल्याने जागा मागितली की तिथल्या शिक्षकाला ‘खो’ बसायचा. खो बसलेला ‘विस्थापित’. त्याला शेवटच्या फेरीत कुठेही टाकले जायचे. दूर एकटे राहणारे शिक्षक बदल्या व्हाव्यात म्हणून मोर्चे काढत होते आणि सोयीच्या शाळेतले होऊ नयेत म्हणून. एकाच शिक्षक-खोलीतल्या दोघांचे ग्रुप वेगळे झाले. माझ्या मते शिक्षकांच्या आपल्या ग्रुपाला बसलेला हा सर्वांत मोठा तडा. तोवर ‘आपण’ म्हणजे सगळे शिक्षक असे होते. इथून पुढे ‘आपण’ म्हणजे आपल्या संवर्गातले, आपल्या भरतीच्या वर्षातले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनी जुन्या पेन्शनसाठी जी वीण बांधली, तीही याच रीतीची, पण ती जमली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा फोनातून इतकी फिरली, की १४ ते २० मार्च २०२३ चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप तिच्यावर उभा राहिला.

टीका करायची तर ती इथे करावी लागेल. आपल्या ग्रुपांत बदली, पेन्शन, फरकाची रक्कम, संचमान्यता यांवर रात्र रात्र चर्चा होते. तिसरीतल्या मुलाला वजाबाकीत हातचा का कळत नाही, यावर फारशी होत नाही. मुले दिसतात ती फोटोत, उपक्रमाच्या फलकाशेजारी, नीट ओळीत. स्त्रिया प्राथमिक शाळांत मोठ्या संख्येने आहेत, पण ग्रुपातले लांबलचक मजकूर बहुधा सरांचे असतात. मॅडम अंगठा उमटवतात किंवा दुपारी दुसऱ्या मॅडमना फोन करतात. ताराबाई-अनुताईंच्या प्रदेशात हे असावे, याचे वाईट वाटते.

२०१८ मध्ये व्हॉट्सॲपने ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी सोय दिली. साहेबांचे बरेच ग्रुप लगेच तसे झाले. आता ‘ओके सर’सुद्धा लिहिता येईना. २०२० च्या टाळेबंदीत मात्र हाच फोन शाळा झाला. राज्याची अभ्यासमाला आणि शिक्षकाने घरी बसून काढलेली चित्रफीत एकाच वाटेने पालकांकडे गेली, आणि ज्या घरात असा फोन नव्हता त्या घरात गेलीच नाही. त्याच वर्षअखेर परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी अर्धी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. ग्रुपांत अभिनंदनाची लाट आली, आणि तिच्या मागोमाग कुजबुजही. आपल्यातला एक जण वर गेला की काय करायचे, हे आपल्याला नीट ठरवता येत नाही.

२०२२ च्या पावसाळी अधिवेशनानंतर आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, हा मुद्दा लावून धरला आणि फोनवरच्या वादांच्या ध्वनिफितींचा सुकाळ झाला. शिक्षकांच्या उत्तरांत तर्क थोडा आणि राग फार होता. गावकरी ते सगळे ऐकत आहेत, याचे भान फार थोड्यांना राहिले. आपला ग्रुप आता आपला राहिला नव्हता. स्क्रीनशॉट हा नवा डेप्युटी होता.

१५ मार्च २०२४ या एकाच तारखेचे दोन शासन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. एकात शिक्षकांनी जीन्स-टीशर्ट घालू नये आणि नावाआधी ‘टी’ लावावे, असे होते. दुसऱ्यात संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर होतील याचे निकष बदलले होते. ग्रुपांत विनोद झाले ते जीन्सवर. दुसऱ्या निर्णयाने लहान शाळांतली शिक्षकपदे जातील, विशेषतः सहावी ते आठवीचे वर्ग शिक्षकाविना राहतील, हे मोठ्या आवाजात म्हटले जाईपर्यंत बरेच महिने गेले. ज्यांच्याकडे जुन्या नेत्यांसारखी जीआर ओळ न ओळ वाचायची सवय होती, त्यांनी आधी ओरड केली. पीडीएफ सगळ्यांच्या फोनात असणे आणि ती वाचलेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

२८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर परिपत्रक काढले. सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची. यशस्वी योजनांविषयी लिहिता येईल, पण आत्मस्तुती नको. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही ते लागू आहे. त्याच्या महिनाभर आधीच पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले होते. त्या वादात साहित्यिक, भाषा चळवळीतले कार्यकर्ते, राजकीय पक्ष उघडपणे बोलले. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा कशी शिकवायची, हे ज्याला रोज वर्गात करावे लागणार होते, त्याच्या बोलण्यावर मात्र नियमाची टांगती तलवार. १८७५ नंतर यात काय बदलले, तर मासिक बंद करण्याऐवजी आता माणसाला गप्प राहायला सांगतात.

एक फरक मात्र शिक्षकांच्या बाजूने नाही. शालापत्रकाचे अंक कागदावर छापलेले होते. बंद पडले तरी ते मागे राहिले. फुल्यांचे निवेदन आयोगाच्या छापील दप्तरात राहिले, म्हणून त्यातले बारा रुपये आज आपण मोजू शकतो. ‘निबंधमाला’ आहे, अनुताईंची पुस्तके आहेत. पण २०१७ मध्ये खो बसलेल्या शिक्षिकेने रात्री अकरा वाजता ग्रुपात लिहिलेला तो मोठा मजकूर फोन बदलला तेव्हा गेला. सेल्फीच्या आदेशावरचे विनोद गेले. ग्रुप सोडण्यापूर्वी शेवटचे काय म्हटले, तेही गेले. साहेबांच्या ग्रुपातले आदेश संकेतस्थळावर क्रमांकासह जपलेले आहेत, त्यांना दिलेली उत्तरे कुठेच नाहीत. पुढे कुणी या काळातल्या शाळांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला पुन्हा शेरेबुकच सापडेल.

म्हणून ग्रुपात लिहिणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे. वर्षातून एकदा तरी तुमचे एखादे चांगले लिहिलेले म्हणणे तारीख, वर्ग आणि पट घालून कागदावर उतरवा. शाळेच्या कपाटात ठेवा, जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्या, एखाद्या मासिकाला पाठवा. नाव घालायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. आणि मासिके चालवणाऱ्यांनी शिक्षणावर विशेषांक काढताना कुलगुरूंच्या आधी एखाद्या द्विशिक्षकी शाळेत फोन करावा.